शेरेबाईंचा 'गुड'

मार्च महिना जवळ आला की शेरेबाईंची मान आखडायची. डॉक्टर म्हणायचे मणक्याची झीज आहे. बाई म्हणायच्या, कसली झीज न् कसलं काय, चौसष्ट माणसांचं ओझं आहे ते.

पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत चौसष्ट माणसं नोकरीला होती आणि दरवर्षी मार्चात प्रत्येकाचा गोपनीय अहवाल वर जायचा. तो साहेबांनी लिहायचा असा नियम होता. नियम काय, जिन्यात थुंकू नये असाही होता. बाईंनी सव्वीस वर्षांत सहा साहेब पाहिले आणि सहाही जण पहिल्या मार्चात एकच वाक्य म्हणाले, "तुम्हीच लिहा हो बाई, तुम्हाला माणसं माहीत आहेत." मग बाईंनी लिहायचं आणि साहेबांनी शेवटच्या दिवशी चहा पिता पिता चौसष्ट सह्या ठोकायच्या. एका साहेबाने तर गठ्ठ्यात चुकून गेलेल्या लाँड्रीच्या पावतीवरही सही करून दिली होती. शेरे लिहिणाऱ्या, म्हणून त्या शेरेबाई.

आता हे शेरे इंग्रजीत. का इंग्रजीत, ते नियम करणाऱ्यालाही आठवत नसेल. शिडीला पायऱ्या पाच: आउटस्टँडिंग, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. पुअर कोणाला द्यायचं नाही, कारण मग चौकशी लागते आणि चौकशीचे कागद पुन्हा बाईंनाच करावे लागतात. फेअर दिलं की माणूस भांडायला येतो. राहिल्या वरच्या तीन पायऱ्या. त्यातही वरून हुकूम होता की आउटस्टँडिंग सहाच्या वर नकोत आणि व्हेरी गुड विसाच्या वर नकोत. म्हणजे उरलेल्या अडतीस जणांच्या नशिबी 'गुड'. मग ते रात्रंदिवस राबोत की खुर्चीत पेंगोत.

बरं, नुसतं 'गुड' लिहून भागत नाही. खाली चार ओळींचा शेरा लागतो. एका वर्षी मुख्य कचेरीतून अख्खा गठ्ठा परत आला, "सगळे शेरे एकसारखे कसे?" म्हणून. त्या दिवशी बाईंनी पदरमोड करून जाडजूड डिक्शनरी आणली आणि एक दोनशे पानी वही घातली. वहीत फक्त 'गुड'ची भावंडं. स्टेडी, साउंड, सिन्सिअर, डिपेंडेबल, केपेबल, विलिंग. एकाला एक शब्द दिला की पुढे बारीक टिंब करायचं, म्हणजे पुढच्या वर्षी तोच शब्द त्याच माणसाच्या गळ्यात पडत नाही.

डिक्शनरीत 'गुड'ला सव्वादोन पानं दिली होती. बाई सुरुवातीला हौसेने वाचायच्या. भला माणूस गुड, न नासलेलं दूध गुड, खोटं नसलेलं नाणं गुड, न रडणारं मूल गुड. शाबूत दात, खोल विहीर, भरपूर वेळ, जुनी मैत्री, सगळं गुड. इतकं की एखादा कायमचा निघून गेला तर तोही 'फॉर गुड', त्यातही हाच शब्द. बाईंना वाटायचं, बाप रे, एवढ्याशा चार अक्षरांत केवढा संसार मांडलाय. पण हौस पाच-सात वर्षांतच विरली. कारण कचेरीत त्या सव्वादोन पानांना कोणी विचारत नव्हतं. कचेरीत 'गुड'चा अर्थ एकच, वरून तिसरी पायरी.

फेब्रुवारी उजाडला की बाईंच्या टेबलासमोरची खुर्ची थंड व्हायची नाही. एरवी ओळख न दाखवणारे मीटर तपासनीस येऊन मानदुखीची चौकशी करायचे. नकाशे काढणारा यायचा आणि डोळ्यांत पाणी आणून बढती अडकल्याचं सांगायचा. बिलांच्या टेबलावरची बाई नुसतीच बसून उसासे टाकायची, आणि ते सगळ्यांत जड जायचं. बाई काही लाच घेणाऱ्यातल्या नव्हत्या. कोणी पेन ठेवलं तर शिपायाबरोबर परत पाठवायच्या. पण माणूस समोर बसून गळा काढायला लागला की त्यांचा हात ढिला पडायचा. संध्याकाळ झालेली असायची, मान ठणकत असायची, आणि "बरं, बघते" म्हटलं की समोरचा उठून जायचा. थकलेल्या माणसाला एवढंच हवं असतं.

न येणारा एकच होता, पंपवाला.

पंपघर कचेरीच्या मागे, गाळ बसवायच्या हौदांच्या पलीकडे, चालत दहा मिनिटांवर. तिथे हा माणूस बावीस वर्षं पाणी वरच्या टाकीत चढवत होता. बाईंना तो चेहऱ्यापेक्षा अक्षराने जास्त माहीत होता. महिनाअखेरीला पंपघराची नोंदवही यायची, दर तासाला दाब किती, पाणी किती. खाडाखोड नाही, डाग नाही. दरवर्षी बाई पेन्सिलीने कच्ची यादी करायच्या तेव्हा व्हेरी गुडमध्ये त्याचं नाव पहिल्या पाचात असायचं. आणि दरवर्षी शेवटच्या दिवशी विसाचे एकवीस व्हायचे, कारण कोणीतरी ऐनवेळी रडून गेलेलं असायचं. मग एकाला खाली उतरवणं आलं. कोणाला? तर जो बोलणार नाही त्याला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही, असं स्वतःशी म्हणत बाई खोडरबर फिरवायच्या. ओळीने पाच वर्षं त्यांनी हे केलं. पाचही वेळा वाईट वाटलं, आणि पाचही वेळा घरी जाऊन झोप लागली.

या वर्षी हुकूम आला. शेजारची कचेरी यांच्यात मिळवायची होती, तेव्हा सात माणसं कमी करा. कोणती सात? ज्यांना सलग पाच वर्षं 'गुड'च्या वर काही मिळालेलं नाही अशी. यादी बाईंनीच टाइप केली. सातांपैकी कोणी अर्धं वर्ष गैरहजर राहणारे, कोणी मीटर न बघता आकडे ठोकून देणारे. त्यांचंही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पाचव्या ओळीला बाईंची बोटं थांबली. पाचवा पंपवाला होता.

त्या दुपारीच साहेबांसमोर गेल्या. "साहेब, पंपवाल्याचं नाव चुकून आलंय."

"चुकून कसं? पाच वर्षं गुड दिसतंय."

"ते मी लिहिलंय."

"सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग मी लिहिलंय." साहेब वाईट माणूस नव्हता, नुसता साहेब होता. आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, हे शेरे तुमचे आहेत असं एकदा तोंडातून गेलं, की उद्या चौसष्ट माणसं दारात उभी राहतील. तुमचे चौदा महिने राहिलेत ना? सुखाने काढा."

"पण त्याची नोकरी जातेय."

"हरकत घेता येते. शुक्रवारी साडेपाचपर्यंत. ज्याची त्याने, स्वतः येऊन, माझ्यासमोर द्यायची. येऊ दे की त्याला. कोणी अडवलंय?"

बुधवार गेला, गुरुवार गेला, पंपवाला आला नाही. यादीतले बाकीचे येऊन भांडून गेले. बाईंनी दोनदा फोन केला, पण पंपाच्या घरघरीत तिकडून फक्त "हां बाई, पाणी चालू आहे" एवढंच ऐकू आलं.

गुरुवारी संध्याकाळी घरी गेल्या तर यजमानांनी चहा टाकला होता. यजमान शिंपी. डोळ्यांमुळे मशीन बंद केलं होतं, जीभ चालू होती. बाईंनी मानेला शेकायची पिशवी लावली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे त्याचं कापड कापून तू दुसऱ्यांच्या बाह्या लांब केल्यास," यजमान म्हणाले.

"मी काय मुद्दाम केलं का?"

"मुद्दाम केलं असतंस तर एकदाच केलं असतंस. पाच वर्षं माणूस सवयीने करतो."

बाईंना ते लागलं. लागलं कारण खरं होतं. चहा तसाच ठेवून त्या उठल्या आणि जेवायच्या टेबलावर बसून त्यांनी हरकतीचा अर्ज लिहून काढला. साधा, चार वाक्यांचा. चौथं वाक्य असं होतं की हे शेरे साहेबांचे नसून माझे आहेत, आणि हा माणूस मागायला येत नाही म्हणून मी त्याला दर वर्षी खाली ठेवलं. खाली स्वतःची सही केली. शेजारी त्याच्या सहीला जागा सोडली. वही आणि डिक्शनरी दोन्ही लागली नाहीत.

शुक्रवारी चार वाजता त्या पंपघरात पोचल्या. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदाच. आत पंपाचा आवाज कानात मावत नव्हता, पण फरशी अशी पुसलेली की चपला बाहेर काढाव्यात असं वाटावं. एक स्टूल, एक लहान टेबल, भिंतीवर फोन, घडी घातलेला पंचा. पंपवाला गडबडीने उठला आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं.

"तुम्हाला पत्र मिळालं ना?"

"मिळालं की." त्याने खणातून काढून दाखवलं. "इंग्रजीत आहे. वाटलं परिपत्रक असेल. नळ उघडे ठेवू नका वगैरे."

"कोणाकडून वाचून घ्यायचं नाही का?"

"इथे कोण येतं, बाई?"

बाईंनी सांगितलं. पंपाच्या आवाजामुळे ओरडून सांगावं लागलं, आणि अशी गोष्ट ओरडून सांगायला फार वाईट वाटतं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "पाच वर्षांत काय लिहिलंय माझ्याबद्दल?"

बाईंना तोंडपाठ होतं. पहिल्या वर्षी भरवशाचा. दुसऱ्या वर्षी कामात कसूर नाही. तिसऱ्या वर्षी सांगावं लागत नाही. चौथ्या वर्षी शांत आणि स्थिर. पाचव्या वर्षी याच्यामुळे यंत्रं टिकतात. एकेक शब्दाचं त्या मराठी करत गेल्या तसा त्याचा चेहरा उजळत गेला.

"साहेबांनी लिहिलं हे?"

"मी लिहिलं."

"छान लिहिलंय की," तो लाजून म्हणाला. "बावीस वर्षांत कोणी बोललं नव्हतं. याची एक प्रत मिळेल का? घरी दाखवली असती."

बाईंना वाटलं, त्याने शिवी दिली असती तर परवडलं असतं. मग त्यांनी त्याला ती शिडी समजावून सांगितली, वीस माणसांचा हुकूम सांगितला आणि खोडरबराचंही सांगितलं. त्याला समजायला वेळ लागला.

"म्हणजे मी तुमच्याकडे यायला हवं होतं."

"हो."

"कधी यायचं, बाई?" तो खरंच विचारत होता. "माझी ड्यूटी आठ ते सहा. कचेरी साडेपाचला बंद. पंप चालू असताना जागा सोडायची नाही. मला वाटायचं, इथून कधी तक्रार येत नाही हेच तिकडे कळत असेल."

बावीस वर्षं त्याची हजेरी बाईंनीच लावली होती. आठ ते सहा हे त्यांच्याच अक्षरात होतं. आणि तरी हा शहाणा येत का नाही, असं त्यांना वाटत राहिलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती त्यांनी बोलूनही दाखवली. "चुकलं माझं. आता वेळ घालवू नका. सही करा आणि जा. मी बसते इथे."

तो जायला तयार होईना. शेवटी त्याने दाबाचा काटा दाखवला. तांबड्या रेघेच्या पुढे गेला तर हा दांडा खाली ओढायचा, पंप बंद होतो. तीनदा सांगितलं, बाईंकडून एकदा म्हणवून घेतलं, हात धुतले आणि गेला. साडेचार वाजले होते.

बाई स्टुलावर बसून काट्याकडे बघत राहिल्या. काटा जागचा हलत नव्हता.

पाच वाजून पाच मिनिटांनी पंपवाला परत आला.

"घेतली हरकत?"

"साहेबांच्या खोलीत माणसं होती. दाराशी थांबलो. मग काट्याची काळजी वाटायला लागली." त्याने खिशातून अर्ज काढून टेबलावर ठेवला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

हसावं की रडावं बाईंना कळेना. "अहो, परत जा. पंचवीस मिनिटं आहेत."

"सोमवारी बघू की."

"सोमवारी नाही. आज साडेपाचला तुमची नोकरी संपते."

"तुम्ही उगीच जिवाला लावून घेताय," तो म्हणाला, आणि पंचा घेऊन काट्याची काच पुसायला लागला. स्वतःची नोकरी चाललीय आणि हा काच पुसतोय. बाईंना जन्मात आला नव्हता एवढा राग आला. त्याचा आला, साहेबाचा आला, स्वतःचा तर सगळ्यांत जास्त आला. त्या उठल्या आणि त्यांनी दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला.

पंप थांबला. एवढी शांतता झाली की बाहेरच्या हौदात पाणी ठिबकताना ऐकू आलं. पंपवाला दांड्याकडे धावला, पण बाई दांड्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाईमाणसाला बाजूला ढकलायचं कसं, हे त्या बिचाऱ्याला जमेना.

साहेबांच्या खोलीत पंपाचा लाल दिवा होता. तो लागला असणार, कारण मिनिटाभरात फोन वाजला. पंपवाल्याने उचलला आणि बाईंच्या देखत म्हणाला, "चूक झाली साहेब, माझ्याच हातून बंद पडला, आत्ता चालू करतो."

बाईंनी त्याच्या हातातून फोन घेतला. "साहेब, तो खोटं बोलतोय. आयुष्यात पहिल्यांदाच बोलतोय, म्हणून नीट जमत नाहीये. पंप मी बंद केलाय."

तिकडून बराच वेळ बोलणं झालं. बाईंनी ऐकून घेतलं.

"हो, डोकं ठिकाणावर आहे. हरकत देणारा इथे स्वतः हजर आहे. त्याला जागा सोडता येत नाही, तेव्हा तुम्ही या. शिक्का घेऊन या, नाहीतर पुन्हा फेरी पडेल."

साहेब गाडीने आला. लाल झाला होता. पंपघर तो पहिल्यांदाच बघत होता. नोंदवही खाली धरून त्याने अर्जावर शिक्का मारला आणि बाईंनी पाच वाजून एकवीस मिनिटं अशी वेळ टाकून घेतली. मग पंपवाल्याने दांडा वर केला. वरच्या वस्तीत त्या दिवशी नळ जरा वेळ कोरडे राहिले.

तीन आठवड्यांनी पक्की यादी आली. त्यात पंपवाला नव्हता. पण सात म्हणजे सात, आणि सातवं नाव साहेबाने आपल्या अधिकारात घातलेलं, शेरेबाईंचं होतं. त्यांचा शेरा साहेबाने या वेळी स्वतःच्या हाताने लिहिला होता. 'अनरिलायबल'चं स्पेलिंग विचारायला शिपायाला त्याने बाईंकडेच पाठवलं. बाईंनी सांगितलं.

बरं वाटलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. चौदा महिने म्हणजे चौदा महिने. घरी जाऊन पोटभर रडल्या. यजमानांनी त्या दिवशी जीभ आवरली आणि पिशवी गरम करून आणली. तुम्हीही हरकत घ्या, असं कचेरीतले दोघं-तिघं हळूच म्हणाले, तेही आजूबाजूला बघून. पण बाईंच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. सगळ्यांना शब्द पुरवता पुरवता स्वतःसाठी एकही शिल्लक नव्हता.

हरकतीच्या शेवटच्या दिवशी बाई आपल्या टेबलावर आलेल्या कागदांवर आवक नंबर टाकत होत्या. सव्वाचार झाले होते. एकदम आजूबाजूचे टाइपरायटर थांबले म्हणून त्यांनी मान वर केली. समोर पंपवाला उभा होता. हातांना वंगण तसंच होतं. समोरची खुर्ची रिकामी असून तो बसला नाही.

"हरकत द्यायची आहे," त्याने कागद पुढे केला. नोंदवहीतलं पान होतं, त्याच स्वच्छ अक्षरातलं. "तुमच्यासाठी."

"अहो, ज्याची त्याने द्यायची असते. दुसऱ्याने दिलेली चालत नाही."

तो तसाच उभा राहिला. बाईंना एकदम आठवलं. "पंपावर कोण आहे?"

"कोणी नाही. बंद करून आलोय."

आतल्या खोलीत साहेबांची घंटा वाजली, मग पुन्हा वाजली. कोणी उठलं नाही.

"चालत नाही हो," बाई पुन्हा म्हणाल्या.

"मग मी आलो होतो, एवढं तरी लिहून घ्या."

बाईंनी आवक रजिस्टर पुढे ओढलं, तारीख घातली, चार वाजून सतरा मिनिटं ही वेळ घातली आणि पंपवाला आला होता असं लिहिलं.